टोमॅटोची मर आणि माणसाचे उपाय



टोमॅटोची बाग ऐन भरात आलेली असते. झाडांना फळे लागलेली असतात, व्यापाऱ्याशी बोलणी चाललेली असतात, आणि एके दिवशी दुपारी एखादे झाड मान टाकते. पाने हिरवीच असतात. ती पिवळी पडलेली नसतात, त्यांवर डागही नसतो. मालक म्हणतो, "उन्हानं सुकलं असेल, सांजच्याला पाणी देतो." सांजेला झाड थोडे सावरतेसुद्धा. पण तीन-चार दिवसांत ते कायमचे लोळते आणि मग पाटाच्या पाण्याच्या वाटेने शेजारची झाडे एकामागून एक जाऊ लागतात.

अशा वेळी एक साधी परीक्षा करून पाहता येते. मेलेल्या झाडाचे बुंध्याजवळचे खोड वीतभर कापावे आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्याचे कापलेले टोक त्यात बुडवून धरावे. थोड्याच वेळात त्या टोकातून दुधासारखे पांढरट धागे पाण्यात उतरताना दिसले, तर समजावे की ही जीवाणूंची मर आहे. त्या धाग्यांत अक्षरशः कोट्यवधी जीवाणू असतात. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत शिरून ते तेथे आपला चिकट लगदा साठवतात. नळ्या तुंबतात, आणि मुळाशी पाणी असूनही झाड तहानेने मरते.

या रोगाशी आणि त्याच्या भाऊबंदांशी माणसाचा झगडा सुरू होऊन आता सव्वाशे वर्षांवर काळ लोटला आहे. जमिनीला, पाण्याला, माणसांना अपाय न करता या रोगांचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रश्न आजकाल सगळीकडे विचारला जातो. तो विचारण्याची पाळी का आली आणि त्याची उत्तरे कोठून आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

टोमॅटो आपल्याकडचा नव्हे. मूळ दक्षिण अमेरिकेतला, मेक्सिकोत माणसाळलेला, आणि पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आलेला असे मानतात. विदर्भात अजून त्याला भेदरं म्हणतात. आपल्या वांग्याचा, मिरचीचा आणि त्याच्यासारख्याच परक्या असलेल्या बटाट्याचा तो कुळबंधू. कूळ एक, तसे रोगही पुष्कळसे एक. म्हणूनच टोमॅटोच्या मरीची आपल्या भागातली कथा बटाट्यापासून सुरू होते.

पुणे जिल्ह्यातले बटाटा पिकवणारे शेतकरी एका रोगाने हैराण झाले होते. बटाटा आडवा कापला की आत तपकिरी रंगाचे कडे दिसे, म्हणून लोकांनी त्याला 'बांगडी' हे अगदी चपखल नाव दिले. पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर ठिकाणच्या या रोगावर कॅपेल यांनी लिहिलेली टिपणी मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने १८९२ साली प्रसिद्ध केली. भारतातली या रोगाची ती पहिली छापील नोंद समजतात. बांगडी आणि टोमॅटोची मर ही एकाच जीवाणूची करणी आहे, हे मात्र त्या वेळी कोणाला माहीत नव्हते.

माहीत असणार कसे? वनस्पतींना जीवाणूंमुळे रोग होतात, हेच तेव्हा पुष्कळ पंडितांना मान्य नव्हते. माणसांच्या आणि जनावरांच्या रोगांबाबत पाश्चर आणि कॉख यांनी ते सिद्ध केले होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या बरिल यांनी १८८० च्या सुमारास नासपतीच्या झाडावरचा करपा जीवाणूंमुळे येतो असे दाखवले, तरी युरोपातले विद्वान मानेनात. वनस्पतींच्या पेशींना जाड भिंती असतात आणि त्यांचा रस आंबट असतो, तेथे जीवाणूंचे काय चालणार, असा त्यांचा सवाल असे.

या वादात इर्विन स्मिथ हा मनुष्य उभा राहिला. तो अमेरिकेच्या शेतीखात्यातला शास्त्रज्ञ. १८९६ साली त्याने टोमॅटो, बटाटा आणि वांगी यांच्या मरीचा जीवाणू वेगळा काढला, निरोगी झाडांत टोचला, तीच मर पुन्हा घडवून आणली आणि त्या जीवाणूचे सविस्तर वर्णन छापले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील आल्फ्रेड फिशर या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात जीवाणू झाडांना रोग आणतात ही कल्पनाच धुडकावली. मग दोघांची लेखी लढाई जुंपली आणि ती १९०१ पर्यंत चालली. स्मिथने पुराव्यावर पुरावा मांडला आणि शेवटी त्याचेच खरे ठरले. त्या जीवाणूचे नाव पुढे अनेकदा बदलले; आज त्याला रॅल्स्टोनिया सोलॅनॅसीरम म्हणतात. पण वांगेकुळाची आठवण देणारा नावाचा शेवटचा भाग स्मिथनेच ठेवलेला आहे.

एकदा वाट सापडल्यावर टोमॅटोचे आणखी तीन शत्रू ओळखीचे झाले. १९१० साली स्मिथनेच मिशिगनमधल्या टोमॅटोवरच्या एका रोगाचे वर्णन केले. त्यात पानाची एकच बाजू सुकते, खोड चिरते आणि फळावर पांढऱ्या कड्यात तपकिरी ठिपका उठतो, पाखराच्या डोळ्यासारखा. दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज या विदुषीने पानांवर आणि फळांवर खरबरीत खपल्या आणणाऱ्या जीवाणूचे वर्णन १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. तो आपल्या डाळिंबावरच्या 'तेल्या'च्या जीवाणूचा जवळचा नातेवाईक, म्हणजे झँथोमोनास घराण्यातला. आणि १९३३ साली तैवानमध्ये ओकाबे व अमेरिकेत मेरी ब्रायन यांनी बारीक काळ्या ठिपक्यांचा चौथा रोग नोंदवला. तो थंड-ओलसर हवेत येतो. आपल्याकडेही पुण्याच्या शेतकी कॉलेजात एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी या शास्त्राचा पाया घालत होते. भारतातल्या वनस्पतींवरच्या कितीतरी जीवाणूंची पहिली वर्णने १९४० ते १९६० च्या दरम्यान याच मंडळींनी केली.

शत्रू कळला; आता औषध काय?

पहिले औषध हाताशी आले ते द्राक्षाच्या मळ्यातून. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे चोरांनी खाऊ नयेत, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ साली लक्षात आले की नेमक्या याच वेली केवड्या रोगातून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने आपली कृती प्रसिद्ध केली. तेच आपले बोर्डो मिश्रण. बुरशीसाठी निघालेले हे औषध जीवाणूंच्या ठिपक्यांवरही बऱ्यापैकी चालते असे दिसले, आणि टोमॅटोवर तांब्याचे फवारे सुरू झाले.

तांब्याची एक मर्यादा पहिल्यापासून होती. ते पानाच्या वर राहते, आतल्या नळ्यांत शिरत नाही. त्यामुळे ठिपक्यांना ते आळा घालते, पण मरीला मुळीच नाही. दुसरी मर्यादा हळूहळू कळली. तांबे कुजत नाही, उडून जात नाही. वर्षानुवर्षे फवारलेले तांबे जमिनीत साठत जाते आणि जमिनीतल्या गांडुळांना व उपयोगी सूक्ष्मजीवांना बाधते. तिसरी अडचण सर्वांत मोठी. १९८३ मध्ये फ्लोरिडातल्या मार्को आणि स्टॉल या संशोधकांनी दाखवले की तेथील ठिपक्यांच्या जीवाणूचे काही वाण तांब्याला दाद देईनासे झाले आहेत. हा गुण जीवाणूंच्या पेशीतल्या एका सुट्या, फिरत्या धाग्यावर असतो आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. शेजाऱ्याकडून विरजण मागून आणावे, तसा प्रतिकार मागून आणता येतो म्हणा ना!

तांबे थकण्याच्या कितीतरी आधी दुसरे औषध आले होते आणि त्याने तर लोकांचे डोळेच दिपवले होते. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ याने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळवले. क्षयरोग्यांसाठी ते जीवनदान ठरले. जे माणसाच्या जीवाणूला मारते ते झाडाच्या जीवाणूला का मारणार नाही, असा विचार होऊन १९५० नंतरच्या दशकात त्याचे फवारे पिकांवर होऊ लागले. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण 'स्ट्रेप्टोसायक्लीन' या नावाने बाजारात आणले. त्या छोट्या पुड्या महाराष्ट्रातल्या बागाईतदारांच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या.

पण फ्लोरिडात काय झाले पाहा. तेथे टोमॅटो आणि मिरचीवर स्ट्रेप्टोमायसीनचे फवारे सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती, तोच १९६२ मध्ये स्टॉल आणि थेअर यांनी नोंदवले की ठिपक्यांचा जीवाणू या औषधाला बधेनासा झाला आहे. याचे गणित सोपे आहे. एका रोगट पानावर कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांत जन्मतःच औषधाला न जुमानणारे एखाद-दुसरे असतात. फवारा बाकीच्यांना मारतो आणि या एखाद-दुसऱ्याला मोकळे रान करून देतो. पुढच्या फवाऱ्याला सारे रान त्यांच्या संततीने भरलेले असते.

यात शेतकऱ्याचे नुकसान आहेच, पण त्याहून मोठी गोष्टही आहे. स्ट्रेप्टोमायसीन हे माणसाचे औषध आहे. शेतात, ओढ्यानाल्यात, मातीत प्रतिकारक जीवाणूंची पैदास वाढवणे म्हणजे इस्पितळातल्या औषधाची धार आपल्याच हाताने बोथट करण्यासारखे आहे. हे ओळखून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनचा वापर बंद करण्यासंबंधीचा मसुदा प्रसिद्ध केला. शेतातल्या टोमॅटोचा प्रश्न अशा रीतीने घरातल्या आजाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

हा झाला औषधांच्या फवाऱ्यांचा इतिहास. त्याच काळात दुसरा एक प्रवाह शांतपणे वाहत होता. त्याची जाहिरात कमी झाली, कारण त्यात पुडी विकायची नव्हती. 'जीवाणूला मारायचे कसे' याऐवजी 'त्याला येऊच द्यायचे नाही कसे' असा प्रश्न त्या लोकांनी विचारला.

पहिली वाट बियाण्याची. मर सोडली तर टोमॅटोचे बाकीचे तिन्ही जीवाणूरोग बियाण्याबरोबर येतात. अमेरिकेत यूटा येथे ब्लड नावाचे संशोधक खोड चिरणाऱ्या रोगावर काम करीत होते. टोमॅटोचे बी काढताना गर आंबू देण्याची रीत जुनीच आहे. आपल्या आयाबायाही पिकलेले फळ मडक्यात कुसकरून, आंबवून, धुऊन, राखेत चोळून बी वाळवत आल्या आहेत. बियाभोवतीचा बुळबुळीत थर सुटावा, एवढाच तिचा हेतू असे. ब्लड यांनी १९३३ साली दाखवले की गर पाणी न घालता तीन-चार दिवस नीट आंबू दिला, तर बियाच्या अंगावरचे रोगजंतू पुष्कळ अंशी नाहीसे होतात. म्हणजे बाईमाणसांनी सोयीसाठी पाळलेली रीत नकळत औषधाचे कामही करत होती.

दुसरी रीत ऊन पाण्याची. डेन्मार्कच्या येन्सन यांनी १८८० नंतरच्या दशकात धान्यावरच्या काणीसाठी ती बसवली. टोमॅटोच्या बियाला पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंचवीस मिनिटे ठेवतात, मग लगेच थंड पाण्यात काढून सावलीत वाळवतात. येथे अंदाजपंचे चालत नाही. हाताला 'बरंच गरम' लागणारे पाणी उपयोगाचे नाही. तापमापक हवा, आणि पाणी हलते हवे. दोन-तीन अंश कमी पडले तर जीवाणू जगतो, जास्त झाले तर बीच मरते. जुने बी या शेकाने दगावते, म्हणून आधी मूठभर बी करून उगवण पाहावी. एवढी काळजी घेतली, तर ही रीत बियाच्या आतपर्यंत पोचते. तांब्याला ते कधी साधले नाही.

दुसरी वाट जमिनीची. मरीचा जीवाणू मातीतून, मुळांच्या जखमांतून शिरतो, म्हणून त्याचा सामना मातीतच व्हायचा. येथे आपला शेतकरी 'बेवड' म्हणतो ती गोष्ट पुढे येते. टोमॅटोवर टोमॅटो, वांग्यावर मिरची, बटाट्यावर टोमॅटो अशी लागण करीत राहणे म्हणजे जीवाणूला पंगतीवर पंगत वाढणे. मधे ज्वारी, मका, भात, कांदा यांसारखे पीक घेतले की त्याची उपासमार होते. मात्र बेवडाची महतीही बेताने सांगावी लागते. या जीवाणूला दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पती चालतात. आले, केळ, भुईमूगसुद्धा त्याच्या काही वाणांना वर्ज्य नाहीत. बांधावरच्या वांगेकुळातल्या तणावर तो निवांत राहतो. कोकण-गोव्याच्या आंबट, ओलसर जमिनीत त्याचे फार फावते. म्हणून एका वर्षाच्या फेरपालटाने काम भागत नाही, आणि तण राखून केलेली फेरपालट ही फेरपालटच नव्हे.

उन्हाळ्यात नांगरट करून रान तापू देणे हीसुद्धा आपली जुनी चाल. तिला नवे रूप दिले ते इस्राएलच्या काटान यांनी, १९७६ साली. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून तो कडक उन्हात काही आठवडे ठेवायचा. खालची माती इतकी तापते की कितीतरी रोगजंतू, सूत्रकृमी आणि तणांचे बी नाहीसे होते. रोपांच्या गादीवाफ्यासाठी ही युक्ती फार चांगली. सबंध शेतात मरीसाठी तिचा गुण कमी-अधिक येतो, कारण हा जीवाणू खोल मातीतही असतो आणि उष्णता तेथवर उतरत नाही.

येथे आपल्या मुलखाशी नाते सांगणारी एक गोष्ट आहे. जमीन निर्जंतुक करण्यासाठी अमेरिकेत मिथाइल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू वापरीत. तो आकाशातल्या ओझोनच्या कवचाला घातक ठरल्यामुळे १९९२ साली आंतरराष्ट्रीय करारात त्याचा समावेश झाला आणि प्रगत देशांना २००५ पर्यंत तो सोडावा लागला. बदली शोधताना फ्लोरिडातल्या संशोधकांनी वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडे पाहिले. मरीच्या जीवाणूवर गुणकारी ठरलेल्यांत दोन नावे ठळक होती : थायमॉल आणि पामारोझा तेल. थायमॉल म्हणजे आपले ओव्याचे फूल! पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओवा जहाजांनी जर्मनीला जाई, तो यासाठीच. आणि पामारोझा म्हणजे खानदेशातल्या रानातल्या रोशा गवताचे तेल. तेही एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. लागणीपूर्वी काही दिवस या तेलांनी जमिनीला धुरी दिल्यासारखे केले, तर मर लक्षणीय कमी होते असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या शेतातल्या प्रयोगांत दिसले. खर्चाचा विचार करता एकरी शेतात हे सगळ्यांना परवडेल असे म्हणवत नाही. रोपवाटिकेपुरते मात्र ते विचारात घेण्याजोगे आहे.

तिसरी वाट झाडाच्या अंगच्या बळाची. मर न लागणारे वाण शोधण्याचे काम अनेक देशांत झाले. हवाईमध्ये तयार झालेले 'हवाई ७९९६' हे वाण जगभर आधारभूत ठरले. आपल्याकडे केरळ कृषी विद्यापीठाने 'शक्ती', 'मुक्ती', 'अनघा' हे मरीला तोंड देणारे टोमॅटो दिले. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने 'अर्का आभा' आणि 'अर्का आलोक' दिले, आणि मर, पर्णगुच्छ व लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारा संकरित 'अर्का रक्षक' दिला.

ज्याला बाजारात हवा तोच टोमॅटो लावायचा आहे, त्याच्यासाठी कलमाची सोय आहे. आंब्याला कलम आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. भाजीला कलम हे मात्र जपान आणि कोरियाचे देणे. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी कलिंगड भोपळ्याच्या मुळावर चढवले, १९५० नंतर वांगे रानवांग्यावर, आणि पुढे टोमॅटोही या वाटेने गेला. तैवानमध्ये १९७१ साली निघालेल्या आशियाई भाजीपाला संशोधन केंद्राने टोमॅटोची कोवळी फांदी मर न लागणाऱ्या वांग्याच्या खुंटावर चढवण्याची रीत घालून दिली. वांग्याचे मूळ साचलेल्या पाण्यातही तग धरते, हा वरचा फायदा. एक पथ्य मात्र आहे : कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. भर देताना तो मातीत गाडला गेला, तर टोमॅटोला तेथून स्वतःची मुळे फुटतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

चौथी वाट सर्वांत नवलाची. जीवाणूलाही रोग होतो! १८९६ साली, म्हणजे ज्या वर्षी स्मिथने मरीचा जीवाणू ओळखला त्याच वर्षी, आग्र्याला असलेल्या हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे. ते 'काहीतरी' बहुधा जीवाणूंना खाणारे विषाणू असावेत असे पुढे मानले गेले. इंग्लंडात ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फ्रान्समध्ये देरेल यांनी १९१७ मध्ये त्यांचा रीतसर शोध लावला. देरेल यांनी त्यांना बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूभक्षक, हे नाव दिले. झाडांच्या रोगांवर त्यांचा विचारही लवकरच झाला. कुजलेल्या कोबीच्या गाळलेल्या रसाने कोबीच्या रोगाचा जीवाणू आटोक्यात येतो असे १९२४ मध्ये दिसले. १९३५ मध्ये अमेरिकेत थॉमस यांनी मक्याच्या बियाला भक्षकांची प्रक्रिया करून जीवाणूंची मर पुष्कळच कमी केली.

मग हे सारे बाजूला का पडले? एक तर भक्षक उन्हाच्या अतिनील किरणांनी पानावर काही तासांत मरतात. दुसरे म्हणजे प्रत्येक भक्षक ठरावीक वाणच खातो. आणि तेवढ्यात स्ट्रेप्टोमायसीन आले, तेव्हा ही किचकट गोष्ट कोण करीत बसणार? तांबे आणि स्ट्रेप्टोमायसीन दोन्ही निकामी झाल्यावर फ्लोरिडात लोकांना तिची पुन्हा आठवण झाली. तेथे जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या ठिपक्यांवर अनेक भक्षकांचे मिश्रण वापरले. उन्हापासून बचाव म्हणून फवारा संध्याकाळी घेतला आणि आडोशासाठी त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली. शेतातले जीवाणू बदलले की मिश्रणातले भक्षकही बदलायचे, ही त्यांची पद्धत. २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने टोमॅटो आणि मिरचीवरच्या अशा मिश्रणाला परवाना दिला. १८९६ च्या दोन शोधांची गाठ पडायला अशी शंभरावर वर्षे लागली.

याच जातीचे दुसरे मदतनीस म्हणजे मुळांभोवती राहणारे उपकारक जीवाणू. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस ही नावे आता खेड्यातल्या कृषी सेवा केंद्रातही ऐकू येतात. तामिळनाडू कृषी विद्यापीठाने यांतल्या पहिल्याची शंखजिऱ्याच्या भुकटीतली तयारी रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. ते मुळावर आधी जागा धरतात आणि झाडाच्या अंगची प्रतिकारशक्ती जागी करतात. रोप लावण्यापूर्वी मुळे त्यात बुडवली तर उपयोग होतो. झाड लोळल्यावर ओतले तर होत नाही.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या उपायाने एकट्यानेच जीवाणूला ठार मारण्याचा भार उचलला, तो उपाय जीवाणूने काही वर्षांत पचवला. जे उपाय टिकले, ते एकेकटे अपुरेच आहेत. स्वच्छ बी मातीतली मर थांबवत नाही, बेवड बियाण्यातला रोग थांबवत नाही, कलम पानावरचे ठिपके थांबवत नाही. पण ते एकमेकांच्या उणिवा भरून काढतात, आणि त्या सगळ्यांना एकदम चकवणे जीवाणूला कठीण जाते. निसर्गाला मानवणारा उपाय म्हणजे रासायनिक पुडीच्या जागी हिरवी पुडी, अशी समजूत कोणी करून घेतली असेल, तर ती सोडून द्यावी. लोळलेल्या झाडाला उठवणारा फवारा, रासायनिक असो की गोमूत्राचा असो, आजवर निघालेला नाही.

म्हणून बागाईतदार बंधुभगिनींनी क्रम असा ठेवावा. बी खात्रीचे घ्यावे, घरचे असेल तर आंबवून आणि ऊन पाण्यात शेकून घ्यावे. गादीवाफा उन्हात तापवावा. ज्या रानात मर आली, तेथे वांगेकूळ दोन-तीन वर्षे लावू नये आणि बांधावरचे तण राखू नये. तेथे लावायचेच तर सोशीक वाण किंवा कलमी रोप लावावे. पाणी ठिबकने द्यावे. वरून शिंपडलेल्या पाण्याने ठिपके पानोपानी जातात, आणि पाटाच्या पाण्याने मर सरीभर जाते. दहिवर असताना ओल्या झाडांत काम करू नये, आणि एका झाडाची फूट काढलेली कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावू नये. लोळलेले झाड मातीसकट उपटून शेताबाहेर नष्ट करावे. ओढ्यात टाकू नये, नाहीतर खालच्या शेजाऱ्याच्या रानात ते पाण्याबरोबर पोचते.

आणि कोणी नवे औषध सांगितले, जुने असो की आधुनिक, तर ते एकदम सगळ्या रानाला मारू नये. दोन सऱ्यांना द्यावे, शेजारच्या दोन सऱ्या तशाच ठेवाव्यात, आणि महिन्याने दोन्हींतली मेलेली झाडे मोजावीत. स्मिथने फिशरशी वाद जिंकला तो निरोगी झाडे शेजारी ठेवून, मोजून, पुन्हा पुन्हा दाखवून. तीच रीत नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या मळ्यात कोणालाही करता येण्यासारखी आहे, आणि तिला खर्च फक्त चार सऱ्यांचा आणि एका वहीचा आहे.